मास्तरकाकांची वही

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत द्या, अशी संपादकांची दरवर्षी सूचना असते आणि आजवर मी ती इमानेइतबारे पाळत आले. गेल्या दिवाळीत खानदेशी भरितावर लिहिले, तर दोन भगिनींनी जळगावची वांगी पार्सलने मिळतील का, अशी माझ्याकडेच चौकशी केली. यंदाही फराळाच्याच एखाद्या विषयावर वेळ मारून नेणार होते. पण गणपती उठल्यापासून माझ्या टेबलावर एक वही येऊन पडली आहे आणि ती मला दुसरा विषय सुचूच देत नाही. तेव्हा वाचकहो, चिवड्याची बशी हाताशी राहू द्या. पण यंदाचा मजकूर थोडा निराळा आहे.

वही लाल कापडी पाठीची, उभट आकाराची, किराणा दुकानदार उधारीसाठी वापरतात तसली. तिचे मालक धुळ्याचे आमचे मास्तरकाका. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

मास्तरकाका माझ्या वडिलांचे शाळेतले सहकारी. वडील इतिहास शिकवीत, काका गणित. काकांचे आजोबा नगरकडून मिशनच्या शाळेत नोकरीला म्हणून धुळ्यास आले, ते तिथलेच झाले. आमच्या दिवाळीचे ताट त्यांच्याकडे आणि त्यांच्या नाताळच्या करंज्या आमच्याकडे, हा रिवाज मला कळू लागल्यापासूनचा आहे. तुमच्या करंजीत आणि आमच्या करंजीत फरक काय, असे मी लहानपणी विचारले होते. काका म्हणाले होते, "दोन महिन्यांचा."

काकांचा धाकटा भाऊ जळगावला, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. धुळ्याच्या वडिलोपार्जित घरावरून दोघा भावांत छत्तिसाचा आकडा. आता हा आकडाच पाहा. तीन आणि सहा यांनी एकमेकांकडे पाठ फिरवली आहे, म्हणून छत्तीस म्हणजे भांडण. रोमन पद्धतीने छत्तीस लिहून दाखवा, भांडण नाहीसे होते! आकड्याचा अर्थ कित्येकदा असा लिहिणाऱ्याच्या लिपीत असतो, आणि ती लिपी येत नसेल तर हात हलवीत परत यावे लागते. पण हे सारे मला पुढे सुचले. त्या वेळी डोक्यात होते ते धाकट्या काकांचे दुखणे.

आषाढात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. शुद्ध मात्र साफ आहे. एके संध्याकाळी मी समाचाराला गेले असता त्यांनी डाव्या हाताने मला जवळ बोलावले आणि पुष्कळ खटाटोप करून एकच शब्द उच्चारला, "दादा." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. श्रावणातल्या पहिल्या रविवारी मी धुळ्याची एस.टी. धरली.

काका नुकतेच चर्चहून आले होते. "सलाम, बाळ," म्हणाले, खुर्ची पुढे केली, सगळे शांतपणे ऐकून घेतले. चष्मा पुसला. मग कपाटातून ही वही काढून म्हणाले, "जायचं तर आहेच. पण बारा वर्षं भरायला अजून नऊ महिने आहेत."

"कसली बारा वर्षं, काका?"

भांडणाला बारा वर्षे. मार्काच्या शुभवर्तमानात याइर नावाच्या अधिकाऱ्याची मुलगी मरणाला टेकते, ती बारा वर्षांची. येशू तिच्या घरी निघाला असता वाटेत एक रक्तस्रावाने पीडलेली बाई बरी होते. तिचे दुखणेही बारा वर्षांचे. एका गोष्टीच्या पोटात दुसरी घातली आहे आणि दोहोंत आकडा एकच. शिवाय इस्राएलाची कुळे बारा, प्रेषित बारा. वहीत बाराचे असे एक अख्खे पान होते. तिनाचे, साताचे, चाळिसाचेही होते. काकांचा निष्कर्ष असा की, तुटलेले सांधायला बारा वर्षे लागतात आणि त्याआधी हात घातला तर सांधा कच्चा राहतो.

आपल्याकडेही बारा वर्षांना तप म्हणतात, हे माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले.

"आणि धाकटे काका वैशाखापर्यंत थांबले नाहीत तर?"

काकांनी उत्तर दिले नाही. पान उलटले आणि मलाच प्रश्न घातला. "तू मराठीची प्राध्यापक. तुमच्या जुन्या ग्रंथांत आकड्यांची रेलचेल असते. प्रामाणिकपणे सांग, आकड्यांत अर्थ ठेवलेला असतो की नसतो?"

प्रश्न सरळ होता आणि त्याचे सरळ उत्तर 'असतो' असेच आहे. मी त्यांना पाटणची हकीकत सांगितली. गेल्या पावसाळ्यात वर्गातल्या मुलामुलींना घेऊन मी तिथे गेले होते. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीत हे पाटण, पाटणादेवीचे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिले. हे सांगणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांपुढे आणला. त्याचा शेवटचा भाग चक्क मराठीत आहे, म्हणून आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना त्याचे अप्रूप. त्यात अध्यात्म मुळीच नाही. बाजारातल्या मालावर मठाला काय द्यायचे, तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यायचे, असला रोकडा व्यवहार आहे. आठशे वर्षांपूर्वी खानदेशात तेलाच्या पळ्या मोजून गणिताची शाळा चालवली जात होती, या गोष्टीचा मला जो आनंद होतो तो पुष्कळ महाकाव्यांनी होत नाही. असो.

भास्कराचार्यांचे जन्मगाव कोणते यावर विद्वानांचे एकमत नाही. जन्मसालाविषयी मात्र वाद नाही, कारण ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. पण आकड्यांत नव्हे, शब्दांत. रस म्हणजे सहा, गुण म्हणजे तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही, म्हणजे पृथ्वी, एक. हे अंक उजवीकडून डावीकडे मांडले की शके १०३६ येते, म्हणजे इसवी सन १११४. 'सिद्धान्तशिरोमणि' रचला तेव्हा वय किती, तर पुन्हा रस आणि गुण: छत्तीस. (हे छत्तीस मात्र कुणाशी भांडलेले नव्हे.) मी हे पाटणला सांगत असताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, रस तर नऊ ना?" पोरगी हुशार. साहित्यशास्त्रात रस नऊ, जिभेवर सहा. नऊ धरले तर भास्कराचार्य एकदम तीन वर्षांनी धाकटे होतात! परंतु ज्योतिष-गणिताच्या परिभाषेत रस म्हणजे सहाच, हे त्या काळच्या विद्यार्थ्याला पाढ्यासारखे पाठ होते. नुसते अंक नकलताना चुकतात, शब्द वृत्तात घट्ट बसतात आणि तोंडपाठ राहतात, म्हणून ही सोय. त्यात लपवाछपवी कसलीच नव्हती. ती आज गूढ वाटते, कारण तो कोश आपल्या घरातून गेला.

"म्हणजे किल्ली दारालाच लावून ठेवलेली," काका म्हणाले.

इथे मी थांबायला हवे होते. पण अध्यापकाला एकदा श्रोता सापडला की तो थांबत नाही. मी महाभारताकडे वळले. त्याचे जुने नाव जय. अक्षरांना अंक देण्याची आपल्याकडची जी कटपयादी पद्धत, तिच्यात ज म्हणजे आठ आणि य म्हणजे एक. उलट क्रमाने मांडा, अठरा. पर्वे अठरा, युद्धाचे दिवस अठरा, सैन्य अठरा अक्षौहिणी, गीतेचे अध्याय अठरा. आणि कळस म्हणजे एका अक्षौहिणीत रथ २१,८७०, हत्ती तितकेच, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०. कोणत्याही संख्येतल्या अंकांची बेरीज करा: अठरा, अठरा, अठरा! हे वर्गात सांगितले की मागच्या बाकावरचीसुद्धा जागी होतात.

काका मात्र गालातल्या गालात हसले. पेन्सिल घेऊन वहीच्या कोपऱ्यावर मांडू लागले. "पत्तीत रथ एक, हत्ती एक, घोडे तीन, पायदळ पाच. पुढची प्रत्येक तुकडी तिप्पट. असं सात वेळा, मग दहापट. हो ना? अगं, दोनदा तिनानं गुणलं की नवाची पट झाली. नवाच्या पटीतल्या अंकांची बेरीज नऊ, अठरा, सत्तावीस असलीच काहीतरी यायची. त्यात व्यासांचं काही नाही, तिनाचा पाढा आहे. अठरा पर्वं मुद्दाम केली असतील, ते मी मानतो. ती करणाऱ्याच्या हातातली गोष्ट होती."

मी मुकाट्याने चहा प्याले. वीस वर्षे वर्गात मिरवलेला नमुना एका म्हाताऱ्या गणितमास्तरांनी अडीच मिनिटांत उतरवून ठेवला होता. उठताना मी एवढेच म्हटले, "काका, हाच न्याय वहीला लावलात का?" ते म्हणाले, "वहीचं निराळं आहे."

परतीच्या गाडीत पारोळा येईपर्यंत मी मनाशी ठरवले की हा विषय नीट वाचायचा. महाविद्यालयाचे ग्रंथालय, पुण्याच्या धर्मविद्या शिकवणाऱ्या एका वृद्ध अध्यापकांशी पत्रव्यवहार आणि रात्रीची जागरणे, असा महिना गेला. घरच्यांनी वरणात मीठ विसरल्याची नोंद दोनदा केली. गणपती बसले त्या आठवड्यात मी टिपणे घेऊन पुन्हा धुळ्याला गेले.

पहिली गोष्ट अशी की, हिब्रू आणि ग्रीक या भाषांत एकेकाळी अक्षरेच अंकांचे काम करीत. त्यामुळे तिथे कोणतेही नाव म्हटले की त्याला बेरीज असायचीच. ही काही ऋषिमुनींची गुप्त विद्या नव्हती, गल्लीतल्या पोरांचाही खेळ होता. इटलीतले पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथल्या एका भिंतीवर कोणा प्रेमवीराने आपल्या प्रेयसीचे नाव न लिहिता तिचा आकडा लिहून ठेवला आहे: ५४५. जिला कळायचे तिला कळले असेल. तिच्या आईला कळले की नाही, कोण जाणे!

ही रीत ध्यानात घेतली की पवित्र शास्त्रातल्या काही जागा आपोआप उलगडतात. मत्तय येशूची वंशावळ देतो ती चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन टप्प्यांत. हिब्रूत दावीद हे नाव तीन अक्षरांचे: चार, सहा, चार. बेरीज चौदा. येशू हा दावीद राजाचा वंशज, हेच तर मत्तयाला ठसवायचे होते. चौदा जमवण्यासाठी त्याने मधले तीन राजे गाळले आहेत, हे जुन्या करारातल्या यादीशी ताडून पाहता येते.

"आणि तिसऱ्या चौदांत नावं तेराच भरतात," काका म्हणाले. "कुणाला तरी दोनदा मोजावं लागतं. शाळेत असा हिशेब कुणी आणला असता तर मी बाकावर उभं केलं असतं." आपल्या धर्मग्रंथाविषयी हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर केवळ माया होती.

मग ६६६. प्रकटीकरणातला हा आकडा शास्त्र न वाचलेल्यांनाही ठाऊक असतो. सिनेमावाल्यांनी त्याचे सोने केले आहे. लिहिणारा स्वतःच सांगतो की ज्याला बुद्धी आहे त्याने या श्वापदाच्या संख्येचा हिशेब करावा, कारण ती माणसाची संख्या आहे. म्हणजे आपल्या वाचकांना हिशेब येईल, अशी त्याची खात्री होती. 'नेरोन कैसर' हे नाव हिब्रू अक्षरांत मांडले की ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २००. बेरीज बरोबर ६६६. इसवी सन ६४ च्या आगीनंतर ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा तो नीरो बादशहा. काही जुन्या प्रतींत ६६६ च्या जागी ६१६ आहे. लॅटिन वळणाने 'नेरो' म्हटले की शेवटचा न गळतो, आणि त्या न चे पन्नास वजा केले की ६१६ उरतात. दोन्ही कुलपांना एकच किल्ली लागते, म्हणून बहुतेक अभ्यासक हा अर्थ मानतात. रोमन राज्यात राहून बादशहाचे नाव उघड घेण्याची सोय नव्हती; ब्रिटिश अमदानीत आपल्या नाटककारांनी पौराणिक कीचक उभा केला तो याच युक्तीने.

पण गंमत पुढे आहे. ग्रंथ लिहून झाल्यावर शंभर वर्षांच्या आतच इरेनियस नावाचा मोठा धर्मगुरू या आकड्यावर विचार करतो, तीन नावे सुचवतो, आणि त्यांत नीरो नाही. शंभर वर्षांत किल्ली हरवली! मग ज्याने त्याने आपापली घडवली. सोळाव्या शतकात ल्यूथरच्या विरोधकांनी ल्यूथरचे नाव ६६६ मध्ये बसवले, त्याच्या अनुयायांनी पोपचे. मिखाएल श्टीफेल हा ल्यूथरचा मित्र, हाडाचा गणिती. त्याने 'लिओ देकिमुस' म्हणजे पोप दहावा लिओ या नावातली रोमन अंकांची अक्षरे वेचली. बेरीज झाली १६५६. हजार नकोत, म्हणून एम हे अक्षर गूढतेचे समजून काढून टाकले, उरले ६५६. दहा कमी पडतात, तर लिओ दहावाच आहे, घाला दहा. झाले ६६६.

काका मोठ्याने हसले. मीही हसले. पण श्टीफेल तेवढ्यावर थांबला नाही. याच हिशेबाच्या नादात त्याने जगाचा शेवट काढला: १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी आठ. त्याच्या गावच्या शेतकऱ्यांनी शेतीची कामे सोडून दिली, होते नव्हते ते खाऊन टाकले, असे सांगतात. आठ वाजले, नऊ वाजले. श्टीफेलला अटक झाली, गावचे धर्मगुरूपद गेले. अखेर ल्यूथरनेच मध्ये पडून त्याला सावरले. पुढे १५४४ मध्ये याच माणसाने 'अरिथमेटिका इन्तेग्रा' हा बीजगणितातला त्या शतकातला एक उत्कृष्ट ग्रंथ लिहिला.

"श्टीफेलचं नाव मी गणिताच्या इतिहासात वाचलंय," काका हळूच म्हणाले. "ही बाजू कुणी सांगितली नव्हती." हसू मावळले होते. डोके तल्लख असणे हा या रोगावरचा उतारा नाही, उलट त्याने रोग अधिक सफाईदार होतो, हे मी मनात म्हटले. पण ते त्यांना बोलून दाखवण्याचा मला अधिकार नव्हता. अक्षौहिणीची लाज ताजी होती.

मला स्वतःला सर्वांत पटलेला दाखला ३१८ चा. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम आपल्या पुतण्याला सोडवायला ३१८ माणसे घेऊन जातो. यहुदी पंडितांनी पाहिले की अब्राहामाचा चाकर अलियेजर, त्याच्या नावाची हिब्रू बेरीज अचूक ३१८; म्हणजे सैन्य कसले, एकटा चाकरच गेला होता. तोच आकडा बर्णबाच्या नावावर असलेल्या जुन्या ख्रिस्ती पत्राच्या लेखकाने ग्रीकमध्ये वाचला. तीनशे म्हणजे टी, त्याचा आकार क्रूसासारखा. दहा आणि आठ म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरे. म्हणजे अब्राहामाला येशू आणि क्रूस आधीच दिसले होते! एकच आकडा, यहुद्याला त्यात यहुदी सापडला, ख्रिस्त्याला ख्रिस्त. दोघांचीही बेरीज बिनचूक आहे. पण मूळ कथाकाराने त्या ओळीत यांतले काही ठेवले होते, असे दाखवायला हाताशी काही नाही.

आजही हे चालूच आहे. १९९७ मध्ये 'द बायबल कोड' नावाचे पुस्तक गाजले. ठराविक अंतराने अक्षरे वेचली की हिब्रू शास्त्रात इस्राएलच्या पंतप्रधान राबीन यांच्या खुनाचे भाकीत मिळते, असा त्याचा दावा. माझ्या टीकाकारांनी 'मोबी डिक' कादंबरीत असा एखादा पंतप्रधान शोधून दाखवावा, असे आव्हान लेखकाने दिले. ब्रेंडन मॅके या ऑस्ट्रेलियातल्या गणितज्ञाने त्याच रीतीने त्या देवमाशाच्या कादंबरीतून खुनांची यादीच काढून दिली. तीत आपल्या इंदिरा गांधीही आहेत. पुरेशी अक्षरे आणि पुरेसा वेळ असला की रेल्वेच्या वेळापत्रकातूनही रामायण निघेल.

काकांनी वहीत मराठी शास्त्रातल्या काही नावांची अक्षरेही मोजली होती. त्यावर मी शिक्षिकेच्या आवाजात बोलले, हे कबूल करते. आपल्या क-ख-ग ला असली किंमत त्या लेखकांनी कधी दिली नव्हती, आणि भाषांतर बदलले की अक्षरे बदलतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केडगावी अख्ख्या शास्त्राचे मराठी भाषांतर केले. त्यात मोजणी करावी तर निराळे उत्तर येणार, दुसऱ्यात आणखी निराळे. देवाने निरोप ठेवला असेल तर तो भाषांतरकाराच्या शब्दनिवडीवर कशाला सोपवील? काका म्हणाले, "ते मलाही कळतंय, बाळ. वेळ जातो." त्यांच्या पत्नीला जाऊन सात वर्षे झाली.

वाऱ्याने वहीची पाने फडफडली आणि ती शेवटाकडून उघडली. तिथे शब्द नव्हते, नुसत्या रेघा. पोती मोजताना हमाल मारतात तशा, चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावर आडवी. सोळा जुड्या आणि वर तीन सुट्या. त्र्याऐंशी.

"हे काय, काका?"

पुष्कळ वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेत्र प्रभूला विचारतो, भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू? सात वेळा? प्रभू म्हणतो, सात नाही, सत्तर वेळा सात. म्हणजे चारशे नव्वद. धाकट्याने वकिलाची नोटीस पाठवली, मी रात्री प्रार्थनेत क्षमा केली, एक रेघ ओढली. हिच्या मातीला आला नाही, एक रेघ. बाजारात माझ्याविषयी बोलला ते कानावर आलं, एक रेघ." चष्मा काढून ते पुढे म्हणाले, "पण नव्या भाषांतरात खाली टीप असते. चारशे नव्वद नव्हे, सत्त्याहत्तर असाही अर्थ होतो म्हणे. तू भाषेची माणूस. खरं सांग, दोन्हींपैकी कोणता?"

हिशेब माझ्याही ध्यानात आला. चारशे नव्वद असतील तर अजून चारशेसात शिल्लक. सत्त्याहत्तर असतील तर खाते सहा रेघांपूर्वीच बंद झाले होते.

आणि उत्तर माझ्या पिशवीत होते. पुण्याच्या अध्यापकांनी मी न विचारताच ते लिहिले होते, कारण शास्त्रातल्या आकड्यांची गोष्ट निघाली की ही जागा येतेच. चारशे नव्वद म्हणून सुटका करून घ्यावी, असे क्षणभर वाटले; खोटेही ठरले नसते, कारण ग्रीक शब्दप्रयोग दोन्हीकडे झुकतो. पण ज्यांनी माझी अक्षौहिणी तोंडावर खोडली त्यांना अर्धे सत्य द्यायचे कसे? मी पत्र काढून वाचून दाखवले. तोच ग्रीक शब्दप्रयोग जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात एकदाच येतो, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात, लेमेखाच्या तोंडी. काइनाचा हा वंशज आपल्या बायकांपुढे बढाई मारतो की काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. तिथे मूळ हिब्रूत सत्त्याहत्तरच आहे, शंका नाही. पेत्राने सात म्हटल्यावर येशूने उच्चारलेला आकडा हा त्या लेमेखाचा आकडा आहे आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाने तो लहानपणापासून ऐकलेला होता.

"म्हणजे सत्त्याहत्तर," काका म्हणाले.

"बहुधा सत्त्याहत्तर."

त्यांनी शास्त्र उघडले. उत्पत्तीचा चौथा अध्याय बोट ठेवून वाचला, मग मत्तयाचा अठरावा, मग पुन्हा चौथा. बाहेर गणपतीच्या मांडवात पोरे टेबलावर चढून पताका लावीत होती, त्यांचा आरडाओरडा चालला होता.

"लेमेख मोजत होता," ते म्हणाले. बराच वेळ रेघांच्या पानाकडे पाहत राहिले. मग एकदम विचारले, "पारोळ्यावरून जळगावला जाणारी सकाळची गाडी अजून सहालाच सुटते का?"

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ते आले. मी त्यांना दारापर्यंत पोचवून परत फिरणार होते, पण त्यांनी माझा हात सोडला नाही. आत गेल्यावर दोघे भाऊ पहिली पाच मिनिटे धुळ्याच्या घरामागच्या सीताफळाच्या झाडाविषयी बोलले. म्हणजे मोठा बोलला आणि धाकट्याने मान हलवली. यंदा फळ बारीक आहे, आळ्यांनी धरले आहे. मग काकू वरणभाताची वाटी घेऊन आल्या, तेव्हा चमचा मास्तरकाकांनी घेतला. मास्तरांचा हात कापतो, आजाऱ्याचे तोंड एका बाजूने मिटत नाही; अर्धा भात टॉवेलवर सांडला. "शाळेत असतानाही असाच सांडायचा," मास्तरकाका म्हणाले. धाकटे काका डाव्या गालाने हसले.

संध्याकाळच्या गाडीला जाताना काका आमच्याकडे डोकावले आणि वही माझ्या टेबलावर ठेवली. "तुझ्या लेखाला होईल. चाळिसाच्या पानावर एक गुणाकार चुकलाय, तेवढा छापू नकोस."

घराच्या वाटणीचा कागद अजून झालेला नाही. वकील दोघांचेही जुनेच आहेत. धाकटे काका डाव्या हाताने सही करायला शिकत आहेत.